रक्तातली बिऱ्हाडं

नांदेडला मी संशोधनासाठी नाव नोंदवलं तेव्हा आमच्या उदगीरच्या घरात माझ्या विषयाचा उच्चार कोणी करत नसे. बाबांचं मोंढ्यात अडतीचं दुकान. कुणी विचारलं की पोरगी काय शिकते, तर ते नुसतं 'सायन्स' म्हणायचे आणि तुरीच्या भावावर यायचे. वटवाघळांच्या रक्तात राहणारे परजीवी असं सांगायचं त्यांना जमलं असतं, पण ऐकणाऱ्याचं तोंड कसं होईल ते त्यांना पाहवलं नसतं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, एकदाच विचारलं, "त्येला हात लावावा लागतो का?" मी हो म्हटलं. "मग पूजेला बसायच्या आधी डोक्यावरनं आंघोळ करत जा," एवढं बोलून ती पुन्हा येसराचा मसाला भाजायला लागली. त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला वाटलं मी रडते आहे.

वटवाघळं हवी होती आणि ती मावशीच्या शेतात होती, म्हणून मी अर्धापूरला मावशीकडे राहायला गेले. काका वारल्यापासून घर मावशीच्या हातात होतं आणि मळा शिवादादाच्या, म्हणजे माझ्या मावसभावाच्या. घरात तिसरी महानंदावहिनी, शिवादादाची बायको. माझ्यापेक्षा वर्षभरानं लहानच असेल, पण नात्यानं वहिनी, म्हणून मी तिला अहोजाहो करायला गेले तर पहिल्याच दिवशी तिनं पिठाचे हात माझ्यापुढं धरून सांगितलं, "विजूताई, मला अगं म्हणा, न्हाईतर मी तुमच्याशी बोलणारच न्हाई." ती मला ताईच म्हणत राहिली. ती निलंग्याकडची होती, तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं, आणि मावशीला ते आवडायचं नाही म्हणून ती कानडी फक्त माझ्याशी आणि म्हशीशी बोलायची.

त्या घराचा दिवस केळीवर चालायचा. सकाळी मोटार सुरू झाल्याचा घरघराट, मग घड कापणाऱ्या गड्यांच्या हाका, मग ट्रक मागं घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारत ओरडायचा तो आवाज. न्याहरीला धपाटे आणि दही, दुपारी भाकरी, अंबाडीची भाजी, आणि आठवड्यातून एकदा तरी केळफुलाची. केळफूल निवडायला वहिनी आणि मी ओट्यावर बसायचो. बोटं काळी व्हायची आणि ती दोन दोन दिवस तशीच राहायची. या सगळ्या आवाजांच्या खाली आणखी एक आवाज दिवसभर असायचा, ओढ्याकाठच्या जुन्या चिंचेवरून येणारा. त्या झाडावर मोठी फळखाऊ वटवाघळं पिढ्यान् पिढ्या लटकत होती. लांबून झाडाला काळी वांगी लागल्यासारखी वाटायची. दिवसा ती झोपतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमची झोपत नसत. भांडायची, सरकून बसायची, पंखांनी वारा घ्यायची, एकमेकांवर चिरकायची. मावशीला त्यांची काही तक्रार नव्हती. केळी हिरवीच ट्रकमध्ये चढायची, त्यामुळे नुकसान नव्हतं. फार तर कुणी गुडघेदुखीसाठी वटवाघळाची चरबी मागायला आलं तर ती हाकलून द्यायची. "ती काय तुमच्या गुडघ्यासाठी टांगून ठेवलीत व्हय," म्हणायची.

दिवस मावळायच्या बेताला मी आणि गडी केळीच्या कडेला बांबूंवर बारीक जाळी लावायचो. हातात जाड चामड्याचे मोजे. सापडलेलं वटवाघूळ कापडी पिशवीत घालायचं, मग एक पंख पसरून त्यावरच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर ओढायचं, वाळवायचं आणि जनावर सोडून द्यायचं. मोठ्या वटवाघळाचं तोंड अगदी कोल्ह्यासारखं असतं. हातात धरलं की ते आधी चावायला बघतं, मग थकतं, आणि मग नुसतं बघत राहतं. त्याची छाती बोटांना लागायची आणि तिच्यातली धडधड माझ्या कोपरापर्यंत यायची. जुन्या विहिरीच्या कपारींत लहान, किडे खाणारी वटवाघळं होती. त्यांना मावशी पाकोळ्या म्हणायची. पडक्या गोठ्यात मोठ्या कानांची तिसरी जात होती. त्यांचंही रक्त मी घ्यायची.

सूक्ष्मदर्शक विद्यापीठातल्या आमच्या विभागाचा होता, माझ्या मार्गदर्शक सरांच्या सहीवर आणलेला, आरशाचा. विजेचा भरवसा नव्हता, त्यामुळे तो गच्चीवर उन्हात मांडायचा आणि आरसा सूर्याकडे फिरवत राहायचा. सकाळी पूर्वेच्या कठड्यापाशी, दुपारनंतर पश्चिमेच्या. आता माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि डॉक्टरांनी विचारलं होतं की या डोळ्यानं काय काम केलंत. मी म्हटलं, गच्चीवर बसून रक्त बघितलं. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या काचेखाली मी जे पाहिलं त्यानं मला तेव्हा वेड लावलं होतं, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चिंचेवरच्या मोठ्या वटवाघळांच्या तांबड्या पेशीत एक गोल, फुगीर जीव असायचा, पेशी पूर्ण भरून बसलेला, निळसर, मधोमध जांभळा ठिपका. तो आपल्या हिवतापाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद. विहिरीतल्या पाकोळ्यांत तो नव्हताच. त्यांच्यात दुसरा होता, दाणेदार, आणि तो त्यांच्या अंगावरच्या बिनपंखी, कोळ्यासारख्या दिसणाऱ्या माश्यांतून एकाचा दुसऱ्याकडे जातो असं सरांनी सांगितलं. काही पाकोळ्यांचा थेंब न वाळवता ओलाच बघितला तर पेशींच्या बाहेर, मोकळ्या रक्तात, फितीसारखा एक जीव वळवळत जायचा आणि त्याच्या धक्क्यानं तांबड्या पेशी बाजूला सरायच्या. मोठ्या कानांच्या वटवाघळांत तर आणखी निराळंच काही, ज्याचं नाव मला सापडेना. एकाच शेतात, हाकेच्या अंतरावर, तीन जातींच्या रक्तात इतके वेगवेगळे जीव. आणि ज्यांच्या अंगात ते होते ती वटवाघळं धडधाकट. ती उडत होती, भांडत होती, पिल्लं वाढवत होती. हजारो पिढ्या बरोबर काढल्यावर दोघं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकलेले असतात, असं सर म्हणायचे.

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. तिला पाचवा महिना होता. ती येऊन नळीला डोळा लावून वाकली, बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत राहिल्या, आणि मग एकदम दिसलं. "म्हंजे ही बिऱ्हाडंच म्हणायची," ती म्हणाली. "एकेकाच्या घरात एकेक भाडेकरू. आणि मालक काय म्हणत न्हाई." मग तिनं बोट पुढं केलं. "माझंबी बघा की." मी नवी सुई काढून तिच्या बोटाला टोचलं आणि तिचं रक्त लावलं. स्वच्छ होतं. गुलाबी, एकसारख्या पेशी, बाकी काही नाही. "कुणीच न्हाई?" तिनं विचारलं. तिचा थोडा हिरमोड झाला. मी म्हटलं, असंच असायला पाहिजे.

पाऊस ओसरला, केळीच्या सरींत पाणी साचून राहिलं, आणि दसऱ्याच्या सुमारास गावात ताप सुरू झाला. घरोघरी कुणीतरी गोधडीत कुडकुडत होतं. वहिनीला ताप आला तेव्हा तिला सातवा चालू होता. पहिले दिवस कुणी मनावर घेतलं नाही, ती स्वतःही नाही. ताप उतरला की उठून भाकऱ्या थापायची. मग उलट्या सुरू झाल्या. आरोग्य केंद्रातून एक माणूस येऊन रक्ताचा थेंब घेऊन गेला आणि रिपोर्ट नांदेडहून येईल म्हणाला. बसस्टँडजवळच्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगून सलाईन लावलं. शिवादादा केळीचा ट्रक घेऊन लातूरच्या पुढं कुठंतरी गेलेला होता. गावात मोबाईल नुकतेच आले होते. त्याच्याकडं एक होता आणि घरात एक, पण त्याचा लागत नव्हता.

सकाळी वहिनीचे डोळे मला पिवळट दिसले. मी नवी सुई घेतली, तिच्या बोटातून थेंब काढला, काच रंगवली आणि गच्चीवर नेली. ऊन चांगलं होतं. नळीतून बघितलं आणि पहिल्यांदा मला वाटलं, चुकून वटवाघळाची पट्टी लावली की काय, इतकं काही त्यात होतं. पेशी पेशींत बारीक अंगठ्या, एकेका पेशीत दोन दोन. आणि मधूनच, लांबट, वाकलेले, दोन्ही टोकांना निमुळते, हुबेहूब केळ्याच्या आकाराचे जीव. तो आकार बघितल्यावर शंका राहत नाही. हिवतापातला सगळ्यात वाईट प्रकार. मी वहीत त्याचं चित्र कितीदा काढलं होतं, परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते.

मी ती काच रुमालात गुंडाळून बसस्टँडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी काच उजेडाकडे धरली, जणू तशी दिसेल, आणि परत दिली. "तुम्ही त्या वटवाघळांवर काम करणाऱ्या ना?" म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती, ते खरोखरच विचारत होते. "माणसाचं वेगळं असतं हो ताई. रिपोर्ट येऊ द्या. पोटुशी बाई आहे, उगीच कडक औषध देता येत नाही." मी म्हटलं, मग नांदेडला पाठवा. ते म्हणाले, घरच्यांनी ठरवावं. हिवतापाच्या साध्या गोळ्या मी दुकानातून घेऊन गेले. त्या वहिनीच्या पोटात टिकेनात. पाण्यासकट बाहेर यायच्या.

मावशी तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी म्हटलं, "मावशी, जीप सांगते. आत्ताच नेऊ या."

"शिवा येऊ दे."

"तोवर थांबायचं नाही गं. मी डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंस म्हंजे काय केलंस?" मावशी म्हणाली. रागानं नाही. "रस्ता कसा हाय बघितलास का? सातव्या म्हयन्याची बाई जीपमधी घालून नेली आन् वाटंत काय झालं, तर मी शिवाला काय तोंड दाखवू? तू दाखवशील?"

मी लग्न न झालेली, पाहुणी, आणि घर माझं नव्हतं. आज मी त्याच जागी असते तर ओरडले असते, जीपवाल्याला दारात उभं केलं असतं, असं मला वाटतं. पण हे आज. तेव्हा मी दर थोड्या वेळानं गच्चीवर जाऊन शिवादादाचा नंबर लावत राहिले, कारण रेंज तिथंच यायची, आणि दर वेळी फोनमधली तीच बाई तेच सांगत राहिली. सूक्ष्मदर्शक तिथंच होता. मी त्याच्यावर फडकं टाकलं.

शिवादादा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला आला. तोवर वहिनी कानडीत बोलायला लागली होती, कुणाशी ते कळत नव्हतं. त्यानं तिला बघितलं, आणि उचलून जीपमध्ये ठेवलं. नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी तिचं रक्त तपासलं आणि मला जे दिसलं होतं तेच त्यांना दिसलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं कागदावरून मान वर न करता विचारलं, "आधी का नाही आणलंत?" हिवतापावरचं कोयनेल चालू झालं. दोन दिवसांनी वहिनी शुद्धीवर आली. बाळ त्याआधीच गेलं होतं. मुलगा होता. शिवादादानं त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून नेलं आणि आमच्या रीतीप्रमाणं पुरलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते.

मी अर्धापूरला परतले तेव्हा गावात बोललं जात होतं. कुठून सुरू झालं कोण जाणे, पण विहिरीवर, दळणाच्या गिरणीत एकच गोष्ट होती. ती नांदेडची पोरगी वटवाघळाला टोचते ती सुई तिनं वहिनीला टोचली. मावशीनं मला समोर बसवून विचारलं. मी सांगितलं की सुई नवी होती, दोन्ही वेळा. सांगितलं की वटवाघळाच्या अंगातलं माणसाच्या अंगात जगतच नाही, त्याला ते घरच मानवत नाही. हे डासानं झालं, सरींतल्या पाण्यावरच्या डासानं, आणि गावातल्या बाकीच्यांना मी कुठं टोचलं होतं? मावशी सगळं ऐकून घेत होती. "माझा इस्वास हाय तुझ्यावर," शेवटी म्हणाली. "पर मी एकटी किती जणींना सांगू?"

शिवादादानं मला दोष दिला नाही, आणि तेच जड गेलं. त्यानं चिंच पाडायची ठरवली. मी त्याच्या मागं मागं मळाभर फिरले. "दादा, यात त्यांचा काही संबंध नाही रे." तो थांबला आणि म्हणाला, "असंल. न्हाई म्हणत न्हाई मी. पर मला रोज सकाळी उठून ती झाडावर दिसून राहिली, विजू. मजेत. मला ते बघवत न्हाई." मी नांदेडला सरांकडे गेले. सर माझ्याबरोबर वनखात्याच्या कचेरीत आले. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं. फळखाऊ वटवाघळं तेव्हा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, उंदीर आणि कावळ्यांच्या शेजारी. "मारली तरी आम्हाला काही करता येत नाही," साहेब म्हणाले, "आणि झाड तर त्यांच्याच बांधावरचं." अलीकडं कायदा बदलला, आता त्यांना संरक्षण आहे. ते वाचलं त्या दिवशी मी पेपर घडी करून ठेवला.

दिवाळीचे उरलेले फटाके होते. आधी ते लावले, मग झाडाखाली ओला पाला पेटवून धूर केला. भर दुपारी सगळं झाड एकदम सुटलं. इतकी वटवाघळं मी एका वेळी उन्हात कधीच पाहिली नव्हती. पंखांतून ऊन पडत होतं आणि तांबडं दिसत होतं. ती लांब गेली नाहीत. झाडाभोवती फिरत राहिली, बसायला खाली यायची, धुरात शिरायची, परत वर जायची. काही खाली पडली आणि कुत्र्यांनी ओढून नेली. करवत बराच वेळ चालली. झाड पडल्यावरही ती त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली, आणि मग संध्याकाळी नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या दिशेनं, चरायला निघून गेली. ती परत आली नाहीत. कुठं गेली ते मला शोधता आलं नाही. माझ्याकडं त्या झाडावरच्या वटवाघळांच्या मोजक्याच पट्ट्या जमल्या होत्या. त्यातल्या एकात एक प्रकार होता जो मला दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी पुन्हा मिळाला नाही.

वहिनी घरी आली तेव्हा मी सामान बांधत होते. ती फार वाळली होती आणि तिचे केस गळत होते. मला वाटलं होतं ती मला टाळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कठड्याला धरत धरत गच्चीवर आली. "गावातलं ऐकलं मी," म्हणाली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग खोक्यात भरायला काढलेल्या सूक्ष्मदर्शकाकडं बघून तिनं विचारलं, "माझं ते रक्त हाय का अजून?"

आहे, असं मी सांगितलं.

"दाखवा मला."

मी नको म्हणाले. ती हलली नाही. मग मी पुन्हा आरसा सूर्याकडं केला, काच लावली, आणि तो केळ्याच्या आकाराचा एक मधोमध आणून ठेवला. ती वाकली. आता तिला पापण्या दिसत बसाव्या लागल्या नाहीत, लगेच दिसलं. ती बराच वेळ बघत राहिली. खाली कुणीतरी ट्रक मागं घेत होतं.

"हे बाळाच्याबी अंगात गेलं होतं का?" डोळा न काढता तिनं विचारलं.

याचं उत्तर मला येत होतं. मी पुस्तकात वाचलेलं होतं. हे जीव बाळाला आईशी जोडणाऱ्या वारेत अडकून राहतात, तिथं गर्दी करतात, आणि पलीकडं बाळाला रक्त नीट पोचत नाही. बहुतेक वेळा बाळाच्या अंगात ते जातच नाहीत.

"गेलं नसावं," मी म्हटलं. "वारेपाशीच थांबतं ते."

"म्हंजे माझ्यातच राहिलं."

"हो."

ती सरळ उभी राहिली. पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर मी त्या महिन्याभरात पहिल्यांदाच काहीतरी सैल झालेलं पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्येला काय तकलीफ झाली नसंल मग."

मी काच काढली, पुसली नाही, तशीच खोक्यात ठेवली. "नसेल," मी म्हटलं.